खडकाईचा कौल

मोटारीत बसायला म्हणून नीलम्मा ओट्यावर आली, तेव्हा तिचं पोपटी इरकल लुगडं तिच्या आधीच मोटारीत जाऊन बसलेलं तिला दिसलं. पहिल्यांदा नुसतं लुगडंच दिसलं. त्याचे तांबडे काठ, पदराच्या टोकाचं पांढरं रेशीम, निऱ्यांजवळ तिनं स्वतःच्या हातानं रफू केलेली बारीकशी जागा. मग त्या लुगड्याच्या आत एक बाई आहे हे तिच्या ध्यानात आलं. निंगव्वा. सासूच्या, म्हणजे चंद्रव्वेच्या, चुलतभावाची सून, अक्कलकोटाकडच्या खेड्यातून आठवड्यापूर्वी आलेली. वीस-एकवीसची असेल. वर्षापूर्वी तिचा नवरा तापानं गेला होता, आणि ‘बिचारीला चार देव दाखवून आणावं’ म्हणून चंद्रव्वेनं तिला बोलावून घेतलं होतं. "तुझं लुगडं दिलंय तिला," चंद्रव्वा मागून म्हणाली. "तिच्यापाशी धड एक न्हवतं. देवाला काय फाटकं नेसून जायचं व्हय?" म्हणजे नीलम्मा न्हाणीत असताना तिची पेटी उघडली होती. घड्यांत घातलेला कडुलिंबाचा पाला बाहेर काढून टाकला होता. नीलम्माला राग यायला हवा होता, पण राग आला नाही. त्या लुगड्याच्या काखेखालच्या पदरात आता दुसरीचा घाम मुरत असेल एवढंच मनात आलं.

भाड्याची फोर्ड होती. वरचं कातडी छप्पर जागोजाग उसवलेलं, आणि गाद्यांमधून काथ्या बाहेर आलेला. पुढे येडू ड्रायव्हर आणि त्याच्याशेजारी तिचा नवरा शिवयोगी, कोट-टोपी घालून, मांडीवर दुर्बीण घेऊन. चाटी गल्लीतलं सुताचं दुकान त्यानं आज बंद ठेवलं होतं. मागे मधोमध चंद्रव्वा बसली, तिच्या एका अंगाला निंगव्वा आणि दुसऱ्या अंगाला नीलम्मा. सासूची जाड, उबदार मांडी नीलम्माच्या मांडीला चिकटली. तंबाखूचा, खोबरेलाचा आणि शिळ्या विभूतीचा वास तिच्याभोवती नेहमीसारखा होता, त्यात आज पेट्रोलचा मिसळला. लग्न होऊन ती सोलापूरच्या बाळीवेशीतल्या या घरात आली तेव्हापासून हा वास ती घेत होती. त्या वासाबरोबर किती ठिकाणं ती फिरली होती. ओल्या नेसूनं पिंपळाला घातलेल्या फेऱ्या, कुणा बुवानं तोंडातून काढून हातावर ठेवलेला खडीसाखरेचा तुकडा, हिरव्या शेवाळाचं तांब्याभर पाणी, कुठल्याशा थडग्यावरची माती. सगळं तिनं डोळे मिटून गिळलं होतं. पोटात मूल राहण्यासाठी जे जे पोटात घालावं लागलं ते आठवलं, की आपलं पोट म्हणजे सगळ्या गावानं खरकटं टाकायची जागा आहे असं तिला वाटायचं. यावेळी तुळजापूर, मग धाराशिवची लेणी, आणि शेवटी त्यापलीकडच्या डोंगरावरची खडकाई. खडकाईचा कौल घ्यायचा आहे, असं चंद्रव्वा चार दिवस म्हणत होती. कसला कौल, ते बोलली नव्हती.

गिरणीच्या धुराड्यांचा धूर मागे पडला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळू उभा होता, कणसं दाण्याला आलेली, त्यावर थंडीची ओल. अशा वेळी मोकळ्यावर आलं की एरवी नीलम्माला मंगळवेढ्याचं वडिलांचं रान आठवायचं, हुरड्याचा वास आठवायचा. आज काही आठवेना. चंद्रव्वेच्या पलीकडे त्या पोपटी पदराचं टोक वाऱ्यानं फडफडत होतं आणि नजर परत परत तिकडेच जात होती. तामलवाडीच्या अलीकडे निजामाची हद्द लागली. नाक्यावरच्या शिपायानं गाठोडी सोडायला लावली. नारळ, खण, हळदकुंकू, धपाटी, दह्याचं गाडगं हे सगळं त्यानं काठीच्या टोकानं उलटंपालटं केलं. शिवयोगी खाली उतरून त्याच्याशी उर्दूतून हसत हसत बोलला. नवऱ्याचं हे हसणं नीलम्माला ठाऊक होतं. व्यापाऱ्याशी, पोलिसाशी, आईशी, तिच्याशीही, जिथे भीती वाटेल तिथे तो हे हसायचा. वरचा ओठ उचलला जायचा, हिरड्या दिसायच्या. मार्शल लॉच्या दिवसांत दारावर गोरा सोजीर आला होता तेव्हाही तो असाच हसला होता, आणि दाराआडून बघताना तिला त्याची दया आली होती. तेव्हा दया यायची.

मोटार पुन्हा सुरू झाली आणि लगेच निंगव्वेनं तोंड दाबून धरलं. "थांबीव रं," चंद्रव्वा ओरडायच्या आतच ती बाहेर वाकली होती. पण वारा उलटा होता. आंबूस, पिवळ्या पाण्याचे शिंतोडे मागे आले, चंद्रव्वेच्या खांद्यावरून नीलम्माच्या गालावर, ओठांवर. तिनं पदरानं तोंड खरवडून पुसलं. पुसलं तरी ते ओठांवर आहेच असं वाटत राहिलं. "मोटार लागली पोरीला," चंद्रव्वा म्हणाली. "कदी बसली न्हाय बिचारी. लिंबू चोख, बाळ." तिनं कमरेच्या पिशवीतून लिंबू काढलं, ते आधीपासूनच चिरून आणलेलं होतं. मग निंगव्वेच्या पाठीवरून ती हात फिरवायला लागली. तो हात नीलम्मा बघत राहिली. इतक्या वर्षांत असा हात तिच्या पाठीवर कधी फिरला नव्हता. एकदा टायफाइडमध्ये ती महिनाभर पडून होती, तेव्हा चंद्रव्वेनं दारातूनच विचारलं होतं, "हाय का गेली?"

तुळजापूरचा घाट चढताना मोटारीचं पाणी उकळलं. येडूनं झाकण काढलं तशी वाफ फुसफुसत बाहेर आली. सगळे उतरले. शिवयोगी दुर्बीण डोळ्यांना लावून खालचं सपाट रान बघत होता, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगत होता की त्या बाजूला सोलापूर. मग त्यानं दुर्बीण निंगव्वेपुढे धरली. "बघ की. गिरणी दिसते." निंगव्वेनं ती उलटी डोळ्याला लावली. तो हसला, तिच्या हातातून घेऊन सरळ करून दिली, आणि तिच्या बोटांना त्याची बोटं लागली तेव्हा त्यानं आईकडे बघितलं. चंद्रव्वा दुसरीकडे बघत होती. ती मुद्दाम दुसरीकडे बघतेय, हे नीलम्माला स्पष्ट कळलं. नीलम्मा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. ऊन चढत होतं. त्या दगडावर कुणीतरी पान थुंकलेलं होतं.

देवळात गर्दी होती. पायऱ्या उतरताना पायांना ओला कुंकवाचा चिखल लागला, कुंडात बायका-पुरुषांची अंगं एकमेकांत मिसळून बुचकळत होती, आणि त्याच पाण्यानं लोक चूळ भरत होते. चंद्रव्वेनं तिला आणि निंगव्वेला हाताला धरून पुढे ओढलं. गाभाऱ्यापाशी नीलम्मानं हात जोडले, पण काय मागायचं ते आठवेना. गेली दोन वर्षं ती देवापुढे नुसतीच उभी राहायची. देवीकडे मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि ते फक्त दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि शिवयोगीला.

दोन वर्षांपूर्वी सुताच्या कामाला म्हणून तो पुण्याला गेला होता. परत आल्यावर एके दिवशी भर दुपारी त्यानं तिला दुकानाच्या माडीवर बोलावून घेतलं. खाली मुनीम झोपला होता. सुताच्या गठ्ठ्यांना खळीचा आंबट वास येत होता. डॉक्टरनं भिंगाखाली बघून सांगितलं म्हणाला. माझ्यातच नाही. कधीच होणार नाही. मग तो एका गठ्ठ्यावर बसून रडला. त्याचं नाक वाहायला लागलं, आणि ते त्यानं तिच्या पदराला पुसलं. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्या क्षणी तिला तो जितका जवळचा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता, नंतरही नाही. त्यानं तिचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "कुणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच. ती मरेल." तिनं शपथ घेतली. आपल्या दोघांत आता काहीतरी आहे, जे या घरात दुसऱ्या कुणापाशी नाही, असं तिला वाटलं होतं. मूल नसलं तरी हे आहे. त्या दिवसापासून चंद्रव्वा तिला वांझोटी म्हणाली, शेजारणींच्या ओटीभरणातून मागे ओढून आणलं, तिच्या हातचं पाणी बाळंतिणीला देऊ दिलं नाही, तेव्हा तिनं ते दातांत धरून सोसलं. आपण त्याला झाकतोय याचा तिला एक प्रकारचा अभिमानच होता. आता त्या गर्दीत, कुणाचातरी ओला कोपर पाठीत रुतत असताना, तिला तो अभिमान आठवला आणि स्वतःचीच शिसारी आली.

लेण्यांपाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. देवीचं सोडून ही जागा बघायची हौस शिवयोगीची. कुणी साहेब येऊन फोटो काढून गेला म्हणून त्यानं वाचलं होतं. चंद्रव्वा मोटारीतच बसली. "नागवे देव काय बघायचे," म्हणाली. निंगव्वा तिच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. म्हणून ओढ्याच्या कडेनं दोघंच उतरत गेले. डोंगराच्या पोटात खणलेला भलामोठा अंधार होता. आत पाऊल टाकताच वटवाघळांच्या घाणीचा असा उग्र दर्प आला की नीलम्मानं पदर नाकाला लावला. पायाखाली ती मऊ, ओलसर घाण चपटी होत होती. मागे भिंतीत एक मूर्ती बसलेली होती, डोक्यावर नागाचा फणा, डोळे मिटलेले. तिच्या खांद्यांवरून वटवाघळांच्या घाणीचे काळे ओघळ आले होते, छातीवर कुणीतरी कोळशानं नाव लिहिलं होतं. तिचं नाव काय, ती कुणी बसवली, दोघांनाही माहीत नव्हतं. पण इतकं सगळं अंगावरून वाहत असताना ती शांत बसलेली बघून नीलम्माला प्रसन्न वाटलं नाही. आपल्यालाही लोक असंच म्हणत आले, सोशीक आहे, असं तिला वाटलं, आणि त्या दगडी तोंडाचाही तिला वीट आला.

"हिला कशाला आणलंत?" ती म्हणाली. आवाज भिंतींना लागून जाड होऊन परत आला.

शिवयोगी दुर्बीण पुसत होता. "कुणाला? निंगव्वाला? आईचं समाधान."

"कौल कसला मागायचा आहे?"

त्यानं भिंगावर फुंकर मारून ते पुन्हा पुसलं. मग म्हणाला, "हे बघ, तू मनाला लावून घेऊ नकोस. पाट लावावा म्हणते आई. माझा आणि तिचा. तू थोरलीच राहशील. तुझं काही कमी होणार नाही."

हे ऐकू येणार हे तिला सकाळी ओट्यावरच कळलं होतं, हे तिला आता समजलं. म्हणून धक्का बसला नाही. तिनं साधं विचारलं, "आणि तिलाही झालं नाही म्हणजे? मग तिलापण दगड चाटत फिरवायचं?"

"होईल," तो म्हणाला.

तो जरा जास्तच लवकर म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्यानं चटकन वर, वटवाघळांकडे बघितलं. "देवीच्या मनात असलं तर," त्यानं मागून जोडलं, आणि हिरड्या दाखवून हसला. नीलम्माला वाटलं, हा वेडा झालाय की काय. ज्याला आपल्या अंगात काही नाही हे ठाऊक आहे, तो ‘होईल’ कसं म्हणतो? की आपल्यापाशी रडला ते सगळं याच्या डोक्यातून पुसून गेलं? ओढ्याच्या काठानं वर येताना त्यानं तिला हात दिला. हात घामेजलेला, गार आणि मऊ होता. वर पोचल्यावर तिनं तो सोडला आणि तळवा पदराला पुसला. हे त्याला दिसलं, आणि दिसलं याचं तिला काही वाटलं नाही.

खडकाईचा डोंगर बोडका होता. वाट तुटक्या दगडांची, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि त्यांच्या काट्यांना नवसाच्या चिंध्या. देऊळ म्हणजे पुढे आलेल्या एका खडकाखाली बांधलेली ठेंगणी खोली. दारासमोर नुकतंच बकरं पडलं होतं. रक्त मातीत जिरत होतं, त्यावर माश्यांचा थर, आणि बाजूला कुणी आतडी धूत बसलं होतं. गळ्यात लिंग घालणारी चंद्रव्वा एरवी अशा जागेच्या सावलीला उभी राहिली नसती. कुणाच्या घरी मटण शिजलं तर ती आपल्या खिडक्या लावून घ्यायची. आज ती लुगडं घोट्यावर धरून त्या रक्तातून वाट काढत आत गेली. देवी म्हणजे शेंदूर थापून थापून वाढत गेलेला दगड होता, त्याला चांदीचे दोन डोळे. गुरव उघड्या अंगाचा, घामट, त्याच्या नखांत शेंदूर. त्याची चंद्रव्वेशी आधीची ओळख आहे, हे तो तिच्याकडे न बघता हसला त्यावरून कळलं. त्यानं दोन पांढरी फुलं घेतली. डावं फूल पाण्यात बुडवून दगडाच्या डाव्या खांद्यावर अंगठ्यानं दाबून दाबून बसवलं. उजवं नुसतं टेकवलं. तिघी आणि शिवयोगी समोर बसले.

"आई, उजवा दे," चंद्रव्वा मोठ्यानं म्हणाली. "माज्या घराला पोर दे. थोरलीचं पोट धुपलंय. ही धाकली आनली हाय तुज्या पायाशी. पाट लावू का, सांग."

‘पोट धुपलंय.’ नीलम्मा नवऱ्याकडे बघत होती. तो हात जोडून, डोळे मिटून बसला होता. आता एक शब्द, नुसता एक. नाही म्हणायचीसुद्धा गरज नव्हती, नुसते डोळे उघडले असते तरी तिला चाललं असतं. चंद्रव्वेची नजर फुलांवर होती. बाहेर आतडी धुणारा खाकरला. उजवं फूल घसरलं, शेंदरावरून तुपकट रेघ ओढत खाली आलं. चंद्रव्वेनं कपाळ जमिनीला लावलं. शिवयोगीनंही लावलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते बघून नीलम्माच्या मनात इतका थंड तिटकारा भरून आला, की तिला वाटलं आपण आता इथेच याच्या पाठीवर ओकणार.

ती बाहेर आली, तोंड धुवायला म्हणून देवळामागे गेली. तिथे खडकाच्या भेगेत पाण्याचा रांजण होता. पाठोपाठ निंगव्वा आली. ती भिंतीला धरून वाकली आणि तिला कोरडे उमासे येऊ लागले. पोटात काही नव्हतं, तरी पुन्हा पुन्हा. मोटार केव्हाची खाली उभी होती. डोंगर चढून येऊनही बराच वेळ झाला होता. एक हात भिंतीला आणि दुसरा निऱ्यांच्या खाली, ओटीपोटाला आधार दिल्यासारखा. निऱ्या तिनं नेहमीपेक्षा वर, सैल खोचल्या होत्या. आधीच चिरून आणलेलं ते लिंबू, पाठीवरचा तो हात, आणि लेण्यातलं ते ‘होईल’. हे सगळं एकदम, आवाज न करता, नीलम्माच्या मनात जागच्या जागी जाऊन बसलं.

"कितवा?" तिनं विचारलं.

निंगव्वेनं तोंड पुसलं. तिनं खोटं बोलायचा विचारही केला नाही. "चवथा लागंल आता."

"कुणाचा?"

"थोरल्या दिराचा." मग खालच्या मातीकडे बघत, "त्यो हीर दाखवायचा, अक्का. कुनाला बोललीस तर ही हीर हाय म्हनायचा. पोट दिसाय लागलं आसतं तर त्येनंच ढकलली आसती."

"आत्याबाईंना ठाऊक आहे?"

"तेनीच तर आनलं." निंगव्वेनं गोंधळून तिच्याकडे बघितलं. "म्हनाल्या, गप ऱ्हा, पाट लावते, पोर माज्या घरात जन्मू दे. सातव्याचं झालं म्हनून सांगू म्हनाल्या. मालकबी व्हय म्हनाले. तुमाला ठाव न्हाई व्हय? तुमचं लुगडं दिलं तवा मला वाटलं, तुमीच दिलं."

पुन्हा उमासा आला आणि ती गुडघ्यांवर बसली. तिच्या ओठावरून लाळेची तार खाली लोंबली, ती पायाखालच्या धुळीला टेकली. सकाळचे शिंतोडे नीलम्माला गालावर पुन्हा जाणवले. तिला किळस येतच होती, ती काही गेली नाही. पण ती खाली बसली आणि तिनं त्या पोरीचं कपाळ हातावर धरलं. कपाळ ओलं आणि गरम होतं. कुणीतरी हिला विहिरीच्या काठावर उभी केली होती, आणि दुसरं कुणीतरी उचलून या काठावर आणून ठेवलं होतं. हिला विचारलं दोघांनीही नव्हतं.

उतरताना चंद्रव्वेनं नेहमीप्रमाणे सुनेच्या खांद्यावर हात टाकला. तिचे गुडघे दुखायचे. शिवयोगी आणि निंगव्वा पुढे होते. थोडं अंतर पडल्यावर नीलम्मा म्हणाली, "पुण्याच्या डॉक्टरचं तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

खांद्यावरचा हात जरा जड झाला, पण निघाला नाही. "आला त्याच दिवशी सांगितलं की त्येनं," चंद्रव्वा म्हणाली. "तुला मागनं सांगितलं. मीच म्हनले, तिलाबी सांगून ठेव, न्हाईतर उद्या तीच वैदाकडं जाईल आन् भांडं फुटंल."

नीलम्मा वाटेतच थांबली. "मग दोन वर्षं मला वांझ कशाला म्हणत होतात?"

"आता काय म्हनायचं हिला," चंद्रव्वा स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, समजावणीच होती, पीठ कसं मळायचं ते सांगावं तशी. "घरात कुनीतरी म्हनायलाच पायजे हुतं. मी गप बसले आसते तर लोक कुनाकडं बघाय लागले आसते? तुज्याकडं बघतायत तवर त्येच्याकडं बघत न्हाईत. तुजं काय गेलं त्येच्यात? खायाला कमी केलं का मी? आन् ह्या पोरीचा जीव वाचला, घराला पोर मिळालं, देवीचा कौल झाला. वाईट कुनाचं झालं, सांग मला."

 म्हातारी खरंच विचारत होती. ती वाईटही नव्हती कदाचित. विहिरीतून तिनं एक जीव ओढून काढला होता, हे खोटं नव्हतं. त्या डोंगराच्या उतरणीवर नीलम्माला सगळ्यात जास्त घृणा आली ती याचीच, की यात एकही माणूस असं नव्हतं ज्याच्यावर धड थुंकता यावं. आणि माडीवर, सुताच्या गठ्ठ्यांत, तिच्या पदराला नाक पुसत तो रडला होता तो आईनं सांगितलं म्हणून. जे एकच तिला आपलं वाटलं होतं, तेही त्या घरानं तिला वापरायला दिलेलं होतं. तिनं खांद्यावरचा हात उचलला आणि बाजूच्या बाभळीच्या बुंध्यावर ठेवला. "इथं धरा," म्हणाली, आणि एकटी खाली उतरली.

मोटार परत निघाली. येडू मधूनच कसलंसं गुणगुणायचा आणि थांबायचा. निंगव्वा आता नीलम्माच्या शेजारी बसली होती, नीलम्मानंच तिला मधे घेतलं होतं. घाट उतरताना तिची मान नीलम्माच्या खांद्यावर पडली. झोपेत तिचं तोंड उघडं होतं आणि श्वासाला आंबूस वास होता. नीलम्मानं तोंड फिरवून घेतलं, खांदा मात्र हलवला नाही. घरी जाऊन आता काय काय होईल ते तिला दिसत होतं. पाट लागेल, डोहाळे पुरवतील, मांडवात आपल्याला थोरली म्हणून मिरवतील, आपल्या धुपल्या पोटाची गोष्ट पुन्हा सांगितली जाईल, आणि शिवयोगी हिरड्या दाखवून पेढे वाटेल. त्या प्रत्येक पेढ्याची चव तिच्या तोंडात आत्ताच आली.

सोलापुरात शिरताना उन्हं कलली होती. मोटारस्टँडवर मंगळवेढ्याची सर्व्हिस मोटार उभी होती, तिच्या टपावर पोती चढत होती. "इथं थांबव, येडू," नीलम्मा म्हणाली. त्यानं शिवयोगीकडे बघितलं. "थांबव म्हणते ना." मोटार थांबली. तिनं निंगव्वेची मान अलगद बाजूला केली, तशी ती जागी झाली. नीलम्मा तिच्या कानाशी वाकली. "मी कुणाला सांगणार नाही," म्हणाली. "तू नीट जेवत जा." निंगव्वेनं तिचा हात घट्ट धरला, मग सोडला.

"कुटं निघालीस?" चंद्रव्वा म्हणाली.

"बसप्पाकडं." तिचा भाऊ मंगळवेढ्याला शेती बघायचा.

"नेसत्या लुगड्यानं? लोक काय म्हनतील?"

"सवतीला कंटाळून गेली म्हणतील. तुमचंच काम होईल."

ती उतरून चालू लागली. अंगावर धूळ होती, पायाला लेण्यातली घाण वाळून चिकटलेली होती. मंगळवेढ्याच्या मोटारीत एका धनगरणीनं सरकून जागा दिली. तिच्या घोंगडीला मेंढरांचा वास होता. तेवढ्यात शिवयोगी धावत आला. टोपी फोर्डमध्येच राहिली होती, केस कपाळावर आले होते, आणि धाप लागल्यामुळे तो लग्नातल्यासारखा कोवळा दिसत होता. त्यानं खिडकीची दांडी धरली. "अगं," तो म्हणाला, आणि थांबला. तो ‘उतर’ म्हणेल, असं तिला वाटलं. निदान ‘माझं चुकलं’ म्हणेल. आपण त्याची वाट बघतोय, एवढं सगळं कळूनही अजून बघतोय, याची तिला लाज वाटली, पण ती बघत होती. त्यानं मागे वळून स्टँडवरच्या लोकांकडे बघितलं, मग धनगरणीकडे, मग आवाज खाली आणला.

"तू कुणाला बोलणार नाहीस ना?"

नीलम्मानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याला जे हवं होतं ते ती दुसरीला देऊन आली होती. तेच चार शब्द पुन्हा म्हणायला काही लागलं नसतं. त्याचा वरचा ओठ हळूहळू उचलला जात होता.

तिनं ते म्हटले नाहीत. मोटार हलली तेव्हा तो दांडी धरून बरोबर चालू लागला, मग पळू लागला, तिच्या तोंडाकडे बघत. मग त्याच्या हातातून दांडी सुटली.